पाणी चाखणाऱ्या बाई आणि सहा पिंपं

बाईंचं काम काय, असं प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या कुणी विचारलं की आम्ही सरळ सांगायचो, "त्या पाणी पितात." ऐकणाऱ्याला वाटायचं, आपली फिरकी घेतायत. पण ते खरंच होतं. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं बाईंनी पगार घेतला तो शहराचं पाणी चाखण्याचा.

मी त्याच प्रयोगशाळेत रसायनांच्या टेबलावर होते, अजूनही आहे. मी लागले तेव्हा बाईंची बारा वर्षं झालेली होती. दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतची लहान खोली त्यांची. त्या खोलीला कधी रंग दिला गेला नाही, कारण रंगाला वास येतो. पडदा नाही, कुंडी नाही, फरशी नुसत्या गरम पाण्याने पुसायची. सकाळी सातच्या आत गावभरच्या नळांचे नमुने यायचे. इस्पितळाचा, दोन शाळांचा, बाजारातला, टेकडीवरच्या टाकीचा. बाई ते काचेच्या चंबूंत ओतून कोमट करायच्या आणि वर काचेच्या झाकण्या ठेवायच्या. मग एकेक झाकणी बोटभर सरकवून नाक जवळ न्यायच्या, घोट तोंडात घोळवायच्या, बेसिनमध्ये थुंकायच्या आणि वहीत लिहायच्या: वास नाही, चव नाही. हे दोन 'नाही' सगळ्या नमुन्यांपुढे पडले की दिवस चांगला गेला म्हणायचा.

काही बिनसलं असेल तर ते वहीच्या आधी चेहऱ्यावर दिसायचं. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा खाली ओढला जायचा. वरचे साहेब जाता-येता दारातून डोकावून आधी तो कोपरा बघायचे. त्यावरून पाठीमागे त्यांचं नाव पडलं होतं 'वाकडंतोंड'. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "तोंड सरळ ठेवायचा पगार मला कुठे मिळतो?"

एका उन्हाळ्यात त्यांनी टेकडीवरच्या टाकीपुढे लिहिलं, 'मातकट'. मी माझ्या सगळ्या तपासण्या केल्या. कशातच काही निघालं नाही. तेव्हा एक नवे इंजिनिअर आले होते, हुशार आणि घाईचे. त्यांनी माझा कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि मशीन स्वच्छ म्हणतंय, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मशीनला तहान लागत नाही, साहेब." मातकट हा शब्द काही त्यांनी खोडला नाही. तिसऱ्या दिवशी त्या टाकीला पाणी देणाऱ्या तलावाच्या मागच्या वळणावर शेवाळाचा थर सापडला, हाताच्या तळव्याएवढा जाड. साहेबांनी मग टाकी धुऊन घेतली आणि पुढे बदली होईपर्यंत रोज सकाळी आपणहून बाईंच्या दारात उभे राहायचे.

त्यांच्याकडे असे वीस-बावीस शब्द होते. मातकट, शेवाळी, गंजकट, कुबट, रबरी, औषधी, माशाळ. यातला एकही शब्द चांगल्यासाठी नव्हता. चांगल्यासाठी 'नाही' एवढं पुरायचं.

या जिभेपायी घरातही बरंच काही सोडावं लागलं होतं. कांदा नाही, लसूण नाही, मिरची नाही, कॉफी नाही. चहा फक्त सुट्टीला, तोही फिका. अंगाला बिनवासाचा साबण. त्यांचे यजमान शाळेत ड्रॉइंग मास्तर, आणि स्वयंपाकाचा त्यांना भारी नाद. नशिबाने गाठ घातली ती अशी. मास्तरांचं स्वयंपाकघरात वेगळं फळीवरचं संस्थान होतं. त्यांची कढई वेगळी, त्यांचे मसाल्याचे डबे घट्ट झाकणांचे, आणि फोडणी द्यायची तर बाई झोपायच्या खोलीत दार लावून बसायच्या. मास्तर गॅलरीत स्टुलावर ताटली घेऊन एकटे जेवायचे आणि दाराच्या काचेतून बायकोला हाताने खुणा करायचे, की बेत जमलाय. कितीतरी वर्षं त्यांचं एक पालुपद होतं: "तुझी नोकरी संपू दे, मग बघ तुला काय काय खायला घालतो."

नोकरी संपली. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात कंबर कसली. पण दोघांनीही एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. नोकरी सुटली तरी जीभ तीच राहते.

बाई घास घ्यायच्या आणि थांबायच्या. तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे. कढईला कालच्या माशाचा वास आहे. लसणीच्या एका पाकळीला कोंब आलेला होता. त्या हे भांडण म्हणून म्हणायच्या नाहीत. मास्तर विचारायचे, कसं झालंय, म्हणून त्या उत्तर द्यायच्या. आणि सगळं खरं असायचं, ही मोठी पंचाईत. मी एका रविवारी भेटायला गेले तेव्हा मास्तर पानं घेता घेता मला म्हणाले, "ही माझ्या हातचं जेवत नाही गं, तपासते." हसत म्हणाले, पण बाईंनी मान खाली घातली.

मला बसस्टॉपपर्यंत सोडायला त्या खाली आल्या. बसस्टॉपवर पोचलो. मग म्हणाल्या, "दोष नसला की माझं काम संपायचं. त्याच्या पुढे जेवणाऱ्या माणसाने काय करायचं असतं, ते मला येत नाही." साठ उलटलेल्या बाईने पोहता येत नाही म्हणावं, तशा सुरात म्हणाल्या. बस आली, मी चढले.

अशात वर्ष गेलं असेल. मग त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा एक दिवस त्यांच्याकडे आला.

घरात त्याला टिल्लू म्हणतात. उंची सहा फूट, वय चौतीस. आधी तो दुधाच्या डेअरीत टाक्या आणि पाइपांचं बघायचा. तिथलं शिकून त्याने गावाबाहेर बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची शेड घेतली आणि बिअर बनवायला लागला. चार वर्षं झाली होती. साधी बिअर बरी खपत होती. पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. स्कॉटलंडकडच्या पद्धतीची एक दणकट एल त्याला करायची होती. एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. ही रंगाने तांबूस-काळी, अंगाने भरलेली, कडू कमी आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, गोडवा जास्त. मोठ्या भांड्यात तासन् तास उकळायची, म्हणजे त्यातली साखर तळाशी हलकेच भाजली जाते. आणि मग आंबवून ती व्हिस्कीच्या रिकाम्या लाकडी पिंपांत वर्षभर निजवून ठेवायची, म्हणजे लाकडातली व्हिस्की तिच्यात उतरते. नशेला साध्या बिअरच्या दुप्पट. त्याने सहा पिंपं भरली होती. अकरा महिने झाले होते.

आता सहाही पिंपं एका टाकीत एकत्र करून बाटल्या भरायच्या होत्या. त्याच्या मित्रांनी चाखून पाहिली होती आणि सगळ्यांनी एकजात "भारी" म्हणून सांगितलं होतं. त्याचंच पोराला वाईट वाटत होतं. तो मावशीला म्हणाला, "माझ्या दोस्तांना फुकट मिळालेली कुठलीही बिअर भारीच लागते. मला खरं सांगणारं माणूस हवंय."

बाईंनी आधी साफ नाही म्हटलं. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, जिभेची काळजी होती. पण मास्तर आतून ओरडले, की आता कुणासाठी जपतेस ती जीभ, जा. मग बाईंनी मला फोन केला. बिअरच्या कारखान्यात एकटी कशी जाऊ, तू चल, म्हणाल्या. मी चटकन हो म्हटलं. उत्सुकता मलाही होतीच.

रविवारी सकाळी अकराला आम्ही शेडवर पोचलो. बाहेरून पत्र्याचं गोडाऊन, आत मात्र चकाचक. एका बाजूला स्टीलच्या उंच टाक्या, जमिनीला उतार देऊन काढलेली गटारं, ओल्या रबरी नळ्यांची गुंडाळी. मागच्या भिंतीला, जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या ठेवायचे तिथे, जाड भिंतींची थंड खोली होती आणि तिच्यात लाकडी घोड्यांवर सहा पिंपं आडवी निजलेली. एकेक कमरेएवढं उंच, फळ्यांना लोखंडी पट्टे, पोटावर बूच. टिल्लूने त्यांच्यावर खडूने एक ते सहा आकडे घातले होते. त्याने टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरून छान पायाचे ग्लास मांडले होते.

बाईंनी आल्या आल्या त्या सगळ्याचा निकाल लावला. ग्लास हुंगून पाहिले आणि साबणाचा वास आहे म्हणून परत धुवायला लावले, नुसत्या गरम पाण्याने, तीनदा. रुमाल काढायला लावला. टिल्लूने दाढीला काहीतरी लावलं होतं, ते धुऊन यायला सांगितलं. तो बिचारा सहा फुटांचा माणूस निमूटपणे नळावर तोंड धुऊन आला. मग म्हणाल्या, कुठल्या ग्लासात कुठलं पिंप ते मला सांगू नकोस. मी ग्लासांची अदलाबदल करून बुडाला चिठ्ठ्या लावल्या आणि वर काचेच्या ताटल्या झाकल्या.

एल फ्रिजमधल्यासारखी थंडगार नव्हती, त्या खोलीइतकीच गार होती. ग्लासात ती जुन्या शिसवी फर्निचरच्या रंगाची दिसत होती, कडेला लालसर. बाई एकेक ताटली सरकवत, हुंगत, घोट घोळवत, बादलीत थुंकत पुढे जात होत्या. पहिला ग्लास. दुसरा. तिसरा. टिल्लू त्यांच्या हाताकडे बघत होता. मी ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे.

चौथ्याला तो कोपरा खाली गेला.

त्यांनी उरलेले दोन नीट पाहिले, पुन्हा चौथ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "हे कुबट आहे. बंद तळघरात ओला पुठ्ठा राहिला की येतो, तसा वास. थोडा आहे. पण आहे."

मी चिठ्ठी पाहिली. योगायोगाने ग्लासही चौथा आणि पिंपही चौथंच. टिल्लूने ग्लास उचलून हुंगला, प्यायला, परत हुंगला. त्याला काही कळेना. मला दे म्हणून मी घेतला, शेजारचे दोनही चाखले. मला फक्त एवढं वाटलं, की बाकीच्यांपेक्षा हा जरा गप्प आहे. टिल्लू म्हणाला की एवढं बारीक असेल तर सहांमध्ये एक मिसळून जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही. बाई म्हणाल्या, हा वास मिसळून जात नाही. हा बाकीच्यांची तोंडं बंद करतो.

त्याचा विश्वास बसेना, आणि अकरा महिन्यांच्या मेहनतीनंतर तो कुणाचाही बसला नसता. मग मी आमच्या प्रयोगशाळेतली रीत सुचवली. बाई पाठ फिरवून बसल्या. मी तीन ग्लासांत दुसऱ्या पिंपातली एल ओतली आणि त्यातल्या एकात चमचाभर चौथ्या पिंपातली घातली. वेगळा कुठला, ते सांगायचं. बाईंनी सांगितलं. परत केलं, परत सांगितलं. चार वेळा झालं, चारही वेळा बरोबर. पाचव्या वेळी मला खोडी काढावीशी वाटली आणि मी तिन्ही ग्लासांत स्वच्छच ओतली. बाईंनी तिन्ही घोळवले, थुंकले, माझ्याकडे वळल्या. "तिन्ही एकच आहेत. परीक्षा घेतेस होय माझी?"

टिल्लू तोवर पिंपांकडे जाऊन उभा राहिला होता. तिथूनच बोलायला लागला. पाच पिंपं डिस्टिलरीतून ओलीच आली होती, व्हिस्की काढली त्याच आठवड्यात त्याने भरली. सहावं मिळेना, म्हणून एका फर्निचरवाल्याच्या अंगणात पडलेलं घेतलं. ते उन्हात वाळून फळ्या आक्रसल्या होत्या, भरलं की झिरपायचं. लाकूड फुगावं म्हणून त्याने ते दहा दिवस पाण्याने भरून ठेवलं होतं. तेच हे चौथं.

"कुठलं पाणी?" बाईंनी विचारलं.

"नळाचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला एका क्षणात कळलं. नळाच्या पाण्यात आम्ही क्लोरीन घालतो. जुनं लाकूड, त्यात कुठेतरी बारीक बुरशी आणि वर क्लोरीन, असं जमलं की नेमका हा वास तयार होतो, आणि त्याचा कण पुरतो. शिवाय जो माणूस रोज त्या खोलीत वावरतो त्याच्या नाकाला तो सवयीचा होऊन जातो. मी हे सांगितलं तेव्हा टिल्लू हळूहळू एका क्रेटवर बसला.

"म्हणजे आमचंच पाणी," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते आवाजात होतं. "माणसांना ते क्लोरीन हवंच रे. लाकडाला नको होतं, एवढंच."

दोनशे लिटर जाणार होते. यातून काही वाचवता येईल का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. तो काही वेळ बूट जमिनीवर घासत बसला. चौथ्यावरचा खडूचा आकडा त्याने अंगठ्याने पुसला आणि त्या जागी फुली मारली. मग हात झटकून उठला. त्याच्यातली ही गोष्ट मला फार आवडली. तो माणूस पाच मिनिटांत त्या पिंपाचं दुःख करून मोकळा झाला.

"बरं मावशी," तो म्हणाला, "बाकीच्या पाचांत काय आहे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा असा पडला की मला मध्ये बोलावं लागलं. आमच्याकडे 'काही नाही' म्हणजे पहिला नंबर, मी म्हटलं. बाईही गडबडल्या. "म्हणजे दोष काही नाही रे. स्वच्छ आहेत पाचही."

"दोष नाही ते कळलं," टिल्लू म्हणाला. "पण आहे काय?"

एकतीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी दुसऱ्या पिंपाचा ग्लास पुढे ओढला. ताटली सरकवायची सवय, पण आता झाकण नव्हतंच. त्यांनी हुंगलं. बराच वेळ नाक ग्लासातच ठेवलं. मग घोट घेतला, आणि बादलीकडे न वळता गिळला.

मी त्यांना काम करताना गिळताना कधी पाहिलं नव्हतं.

"करपलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, कारण परत 'नाही' आलं होतं. दुसरा घोट घेतला. "दुधाचं पातेलं खाली लागायला येतं आणि आपण वेळेवर उतरवतो. मग तळाची खरवड चमच्याने काढून खातो. ती आहे ही."

टिल्लूने खिशातून पेन्सिल काढली, कागद मिळेना म्हणून क्रेटच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागला.

"मग मनुका. सुक्या नव्हेत. कोमट पाण्यात फुगलेल्या, बोटाने दाबली तर फुटेल अशा." त्या आता आमच्याशी बोलत नव्हत्या, ग्लासाशी बोलत होत्या. "घशात ऊब येते. जळजळ नव्हे, ऊब. आणि शेवटी धूर, पण आपल्या घरातला नाही, चार घरं पलीकडे कुणीतरी काहीतरी भाजतंय इतका लांबचा."

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं चढली.

"आणि बाबांचं दुकान आहे यात," त्या म्हणाल्या.

टिल्लूने पेन्सिल थांबवली. त्याच्या आजोबांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, एवढंच त्याने ऐकलेलं. आजोबा त्याच्या जन्माआधी गेले, दुकान त्याच्याही आधी. त्याच्या आईला त्यातलं फारसं आठवत नाही, ती फार लहान होती.

"दारातून आत गेलं की उजव्या हाताला सरस तापत ठेवलेला असायचा. खाली चामड्याच्या कातरणांचा ढीग. आणि पुस्तकं दाबायचा मोठा लाकडी शिकंजा होता, त्याची मूठ बाबांच्या हाताने दिवसभर घासून घासून गुळगुळीत झालेली. मी शाळेतून येऊन तिच्यावर गाल टेकायची. त्या मुठीचा वास आहे हा. लाकूड, चामडं. आणि घाम नव्हे, घामाच्या नंतरचं काहीतरी. माणसाने वापरलेल्या वस्तूचं." त्यांनी डोळे उघडले. "याला शब्द काय म्हणतात ते मला माहीत नाही."

"हाच राहू दे," टिल्लू म्हणाला. मग त्याने तो ग्लास त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः हुंगला, फार वेळ, जणू त्यात खरोखर एक दुकान होतं आणि त्याला आत जायचं होतं.

त्यानंतर बाईंनी पाचही ग्लास चाखले, आणि आता थुंकायचं नाव नाही. प्रत्येकात त्यांना वेगळं काही सापडत गेलं. पाचव्यात खोबऱ्याचा कीस, सहाव्यात जुन्या लोकरी कोटाचा खिसा. पहिल्यातली एल त्यांना सगळ्यांत तरतरीत वाटली, तिसऱ्यातली जरा आळशी. टिल्लूचे दोन पुठ्ठे भरले. परत निघताना बाई उंबऱ्यावर थबकल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "जमीन जरा पाण्यावर आहे का गं?" मी म्हटलं, जमीन जागेवर आहे, तुम्ही हळू चला. बसमध्ये त्या खिडकीशी बसून सबंध रस्ताभर बोलत होत्या. कुणाच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, कुठे डांबर नवं घातलंय, पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पिशवीत खरबूज आहे. मागे बसलेल्या माणसाने बघितलं. बाईंना पर्वा नव्हती.

दुपारी मास्तरांनी बटाटे परतले होते, भरपूर लसूण घालून. मी त्या जेवणाला नव्हते. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. मला वाटलं तक्रार आहे, बायकोला दारू पाजून आणलीस म्हणून. पण ते हळू आवाजात, तोंडाजवळ हात धरून बोलावं तसं बोलत होते. "तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. काही बोलली नाही. नुसतं वाढून घेतलं."

मास्तरांची गाडी लगेच रुळावर आली असं नाही. बाई अजूनही कढईबद्दल बोलतात. पण त्या आधी जेवतात आणि मग बोलतात, हा फरक पडला. मास्तरांनी गॅलरीतलं स्टूल आत आणलं.

पाच पिंपांची एल एकत्र झाली. चौथं ओतून टाकलं, आणि ते पिंप टिल्लूने कापून त्याच्यात शेडच्या दाराशी दोन झाडं लावली. बाटल्या लहान भरल्या, पाठीमागच्या चिठ्ठीवर बाईंच्या पुठ्ठ्यातली चार वाक्यं छापली. खरवडीचं वाक्य होतं, मनुकांचं होतं. दुकानाचं त्याने छापलं नाही. ते आमचं घरचं आहे, म्हणाला. एल काही हातोहात संपली वगैरे नाही. काही लोकांनी ती फ्रिजमध्ये गारठवून प्यायली आणि चव लागत नाही म्हणून तक्रार केली. काहींनी आणखी मागितली. सात-आठ महिन्यांत माल संपला. आता दर मंगळवारी बाई शेडवर जातात. तिथे काम करणाऱ्या चौघांना त्या चाखायला शिकवतात. अर्धा तास 'दोष', अर्धा तास 'आहे काय'. दुसऱ्या अर्ध्या तासाला त्या स्वतःही त्यांच्याबरोबर शिकतात, असं त्यांनीच मला सांगितलं.

मागच्या महिन्यात टिल्लूला नवी पिंपं घ्यायची होती. या वेळी त्याने मावशीला डिस्टिलरीत बरोबर नेलं. मीही गेले, सुट्टी काढून. मागच्या अंगणात ओळीने पन्नासेक पिंपं उभी होती, नुकतीच रिकामी केलेली. तिथले कोठारवाले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, म्हणाले की सगळी सारखीच आहेत, कुठलीही उचला. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पहिल्या पिंपाचं बूच काढून भोकाला नाक लावलं.

दोन तास लागले. कोठारवाले आधी वैतागले, मग खुर्ची आणून बसले, मग उठून त्यांच्या मागे मागे हिंडायला लागले आणि शेवटी स्वतःच बुचं काढून द्यायला लागले. बाईंनी नऊ पिंपं दोषाची म्हणून बाजूला काढली. राहिलेल्यांतून सात निवडायची होती. सहा झाली. सातव्यासाठी त्या एकाच पिंपाकडे तिसऱ्यांदा गेल्या. ते दिसायला बेंगरूळ होतं, एक फळी काळवंडलेली, पट्टा गंजलेला. टिल्लूने विचारलं, हे का, यात काय विशेष आहे?

बाईंनी परत वाकून हुंगलं. "ते नीट सांगता येणार नाही. मला आवडलंय."

कोठारवाल्यांनी त्याच्यावर खडूने खूण केली. टिल्लू आणि टेम्पोवाल्याने सातही पिंपं फळकुटावरून वर गडगडत चढवली आणि दोराने आवळली. बाई पुढे, टेम्पोवाल्याच्या शेजारी चढून बसल्या, मी त्यांच्या बाजूला. टिल्लू मागे पिंपांपाशी. नवी एल उकळून, आंबवून तयारच होती, त्याच आठवड्यात ती पिंपांत जायची होती. निघता निघता बाईंनी मागच्या जाळीतून त्याला विचारलं, परत कधी उघडायची?

"वर्ष लागेल, मावशी."

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि खिडकीची काच खाली केली.